पाणी औषध खाते म्हणजे काय? फवारणीचं पाणी, पीएच अन् ऊन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातलं, म्हणजे पक्कं खारपाणपट्ट्यातलं, जिथं जमिनीतलं पाणी खारं. बी.एस्सी. केमिस्ट्री केली अन् शेवटी वावरातच आलो, बाजाराच्या दिवशी साळ्याच्या कृषी केंद्रात काउंटरवर बसतो. तिथं दरवर्षी जुलै ते ऑक्टोबर तेच तेच प्रश्न येतात, उत्तरं देऊन देऊन घसा बसला म्हणून एकदाचं लिहूनच काढलं. इथं औषध म्हणजे कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक, आपण बोलतो तसंच.

जुने लोक म्हणतात पाणी औषध खाते. खरंच खाते का?

खाते. केमिस्ट्रीत त्याले जलविघटन म्हणतात. औषधाचा रेणू म्हणजे तुकडे जोडून केलेली साखळी समजा, त्यातला एखादा जोड कच्चा असते अन् पाणी नेमकं तिथंच घुसून तो उसवते. जोड तुटला की दोन वेगळेच पदार्थ होतात, ते अळी मारत नाहीत किंवा फार कमी मारतात. मॅलाथिऑन, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट ही ऑर्गॅनोफॉस्फेट मंडळी अन् कार्बारिलसारखी कार्बामेट मंडळी याच्यात सगळ्यात नाजूक. पाणी क्षारीय असलं, म्हणजे सोड्याच्या बाजूचं, की त्यात हायड्रॉक्साइड नावाचे कण जास्त असतात अन् तेच हे जोड तोडायले पुढं असतात. तेलात कॉस्टिक सोडा टाकून साबण करताना पाहिलं असेल तर हेच पाहिलं तुम्ही, सोडा तेलाचा जोड तोडते अन् साबण होते. तुमच्या ड्रममध्ये तेच चालू असते, फक्त हळू, अन् दिसत नाही. ड्रम वरून पांढराशुभ्र दुधासारखाच दिसते, वासही तसाच येते, त्यामुळं कोणाले पत्ता लागत नाही.

माह्या बोअरचं पाणी गोड लागते, मंग पीएच कमीच असन ना?

नाही भाऊ, जिभेवर जाऊ नका. आपल्याकडं तीन वेगळ्या गोष्टींचा एकच काला केलेला आहे. खारट म्हणजे त्यात मीठ-क्षार किती विरघळले ते. जड पाणी म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, ज्यानं साबणाले फेस येत नाही अन् डाळ शिजत नाही. अन् पीएच म्हणजे पाणी आंबट बाजूचं का सोड्याच्या बाजूचं. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी तिन्ही एकत्र सापडतात म्हणून आपल्याले ते एकच वाटते, पण धुऱ्यापल्याड गोड पाण्याची विहीर असली तरी तिचा पीएच ८ निघू शकते. काळ्या पाषाणातलं, म्हणजे बेसॉल्टमधलं पाणी साधारण सोड्याच्या बाजूलाच झुकलेलं असते.

पीएचची पट्टी ० ते १४, मधी ७ म्हणजे धड ना आंबट ना सोडा. ही पट्टी १९०९ साली सोरेनसन नावाच्या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञानं काढली, तो कोपनहेगनच्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाले होता, म्हणजे आपल्या फवारणीचं मोजमाप बिअरवाल्यानं दिलं असं समजा. ध्यानात ठेवायची गोष्ट एकच, ही पट्टी गजासारखी सरळ नाही. ७ चे ८ झाले म्हणजे क्षारीयपणा दहा पट वाढला, ७ चे ९ झाले म्हणजे शंभर पट. लोणारच्या सरोवराचा पीएच १० च्या आसपास आहे, म्हणजे ७ च्या पाण्यापेक्षा हजार पट. त्या पाण्यात मॅलाथिऑन टाकलं तर फवारायले काही उरणारच नाही. पावसाचं पाणी मात्र हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं थोडं आंबट असते, ५.६ च्या जवळपास.

एक अंकानं असा काय मोठा फरक पडते?

आधी अर्धायुष्य समजून घ्या, नाही तर आकडे डोक्यावरून जातात. औषध निम्मं व्हायले जितका वेळ लागते तो त्याचा अर्धायुष्याचा काळ. १०० चे ५०, परत तितक्याच वेळानं २५, परत १२. एकदम संपत नाही, उतरंडीसारखं उतरत जाते.

आता प्रयोगशाळेत २०-२५ डिग्रीले मोजलेले आकडे पाहा. मॅलाथिऑन पीएच ५ ले साधारण १०७ दिवसांनी निम्मं होते, ७ ले सहा दिवसांनी, अन् ९ ले फक्त १२ तासांनी. कार्बारिल ५ ले हलतच नाही, ७ ले १२ दिवस, ९ ले तीन-सव्वातीन तास, बस (हे कार्बारिल आपल्या देशात २०१८ पासून बंद आहे, उदाहरण चांगलं म्हणून दिलं, जुना डब्बा कोठ्यात सापडला तर वापरू नका). पऱ्हाटीवरचं (कपाशीवरचं) आपलं रोजचं प्रोफेनोफॉस ५ ले तीन महिने, ७ ले दोन आठवडे, ९ ले सहा तासांच्या आत. डायमेथोएट ५ ले १५६ दिवस, ७ ले ६८, ९ ले चार-साडेचार दिवस. सगळ्यात नाजूक म्हणाल तर कॅप्टान, ते बुरशीनाशक ९ च्या पाण्यात काही मिनिटांतच निम्मं होते, म्हणजे तुम्ही पंप पाठीवर घेऊन पिकाच्या ओळीच्या मध्यात पोचेपर्यंत खेळ खलास.

अन् क्लोरपायरिफॉस पाहा, ते ५ अन् ७ दोन्हीले ७० च्या वर दिवस टिकते, ९ ले सुद्धा १६ दिवस. तेही ऑर्गॅनोफॉस्फेटच, पण त्याचा जोड घट्ट. म्हणून "सगळे फॉस्फेट पाण्यात मरतात" असं सरसकट सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, एकेका औषधाचं वेगळं आहे.

एक गोष्ट सांगून ठेवतो, हे आकडे शुद्ध औषध पाण्यात पूर्ण विरघळवून काढलेले असतात. आपल्या डब्ब्यातलं ईसी, म्हणजे तेलकट औषध पाण्यात दूध होते, म्हणजे तेलाचे बारीक थेंब असतात अन् थेंबाच्या आतलं औषध पाण्याच्या तावडीत लवकर येत नाही, म्हणून खऱ्या ड्रममध्ये वेग थोडा कमी राहते. पण दिशा तीच.

मंग ऊन कायले मधात आणता? पाणी तर पाणीच राहते ना?

उन्हानं सगळी घाई होते. साधा हिशोब असा की तापमान १० डिग्री वाढलं की असा जोड तुटण्याचा वेग दुप्पट ते तिप्पट होते. याच्या मागचं सूत्र १८८९ मध्ये स्वीडनच्या अर्हेनियसनं मांडलं. ज्या कारणानं उन्हाळ्यात दूध दुपारपर्यंत नासते अन् हिवाळ्यात रात्रभर टिकते त्याच्या जवळचंच कारण आहे, फक्त इथं जंतू नाहीत.

आता ऑक्टोबर हीटमध्ये काय होते सांगतो. मी एकदा मुद्दाम थर्मामीटर घेऊन गेलो. विहिरीतून ताजं काढलेलं पाणी २७ डिग्री. तेच पाणी काळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये धुऱ्यावर सकाळी भरून ठेवलेलं, दुपारी अडीच वाजता ४१. हात घातला तर आंघोळीचं वाटत होतं. १४ डिग्रीचा फरक म्हणजे वेग तीन-साडेतीन पट. जे औषध सावलीतल्या पाण्यात सात तास दम काढलं असतं ते या ड्रममध्ये दोनच तासांत निम्मं.

त्यात अजून एक भानगड आहे जी कोणी सांगत नाही. पाणी तापलं की त्यातला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जाते अन् बायकार्बोनेटवाल्या पाण्याचा पीएच आणखी वर चढते. म्हणजे उन्हातला ड्रम दोन्ही बाजूनं मारते, गरम पण अन् सोडा पण.

उपाय अगदी साधा. ड्रम निंबाच्या सावलीत ठेवा, सावली नसली तर ओलं पोतं गुंडाळा, पाणी जितकं लागते तितकंच अन् वेळेवर काढा. पांढरा ड्रम मिळाला तर बरं.

औषध रात्री कालवून ठेवलं अन् सकाळी फवारलं तर चालते का?

हा प्रश्न मला कोणी विचारला की मी माझीच गोष्ट सांगतो. चार-पाच वर्षांपूर्वी पऱ्हाटीवर बोंडअळीसाठी प्रोफेनोफॉसवाला फवारा घ्यायचा होता, २०० लिटरचा ड्रम संध्याकाळी पाच वाजता कालवला, दोन पंप मारले न मारले की आभाळ फुटलं. माणसं घरी गेली. दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्याच ड्रमचं औषध मारलं, हलवून-बिलवून, दिसायले एकदम फर्स्ट क्लास. चार दिवसांनी वावरात गेलो तर अळी मजेत. मी ज्या दुकानातून औषध आणलं त्याच्याशी तावातावानं भांडलो, डुप्लिकेट माल देता म्हणून. त्यानं दुसरा डब्बा दिला, तोच बॅच नंबर, तो ताज्या पाण्यात लगेच मारला अन् अळी पडली. तेव्हा डोकं ठिकाणावर आलं अन् कागद घेऊन बसलो.

हिशोब असा. पीएच ९, २० डिग्री, निम्मं व्हायले सहा तास. माझं पाणी ८.४ होतं, म्हणजे ०.६ कमी, तेवढ्यानं वेग चौपट कमी होते, झाले २४ तास. पण रात्री पाऊस पडूनही ड्रममधलं पाणी ३२ च्या आसपास, १२ डिग्री जास्त, वेग तिप्पट, परत आले ८ तासांवर. पाच ते आठ झाले पंधरा तास. म्हणजे जवळजवळ दोन अर्धायुष्यं, १०० तलं पंचवीस-तीसच उरलं. तेलाच्या थेंबाची सूट दिली तरी निम्म्याच्या खालीच समजा. डोळेझाकीचा हिशोब आहे, प्रयोगशाळेतला नाही, पण अळी का मेली नाही ते त्यात कळलं. दुकानदाराची माफी मागायले गेलो, तो म्हणाला आधी चहा घ्या.

तर चालत नाही. कालवलं की दोन-तीन तासांत संपेल इतकंच कालवा. पावसाचं आभाळ असलं तर ड्रम न कालवता पंपापंपानं कालवा, थोडा त्रास पडते पण औषध जात नाही.

सगळ्याच औषधांचं असं होते का?

नाही, अन् इथंच लोक फसतात. इमिडाक्लोप्रिड ५ अन् ७ ले हलत नाही, ९ ले सुद्धा इतकं हळू तुटते की तुमच्या एका दिवसाच्या कामात फरकच पडत नाही. इमामेक्टिनचंही साधारण तसंच. ग्लायफोसेट पीएचनं तुटत नाही पण त्याले जड पाणी आवडत नाही, कॅल्शियम त्याले पकडून बसते, अन् गढूळ पाण्यात टाकलं तर मातीलाच चिकटून जाते. नाल्याचं मातकट पाणी घेऊन तणनाशक मारणारे अन् मग गवत जळलं नाही म्हणणारे दरवर्षी भेटतात.

अन् काही औषधं उलट्या खोपडीची आहेत. सल्फोनिल युरिया गटातली तणनाशकं, म्हणजे सोयाबीनमधलं क्लोरिम्युरॉन, गव्हा-धानातलं मेटसल्फ्युरॉन, ही आंबट पाण्यात तुटतात अन् नीट विरघळतही नाहीत, सोड्याच्या बाजूलाच खुशाल राहतात. मेटसल्फ्युरॉन पीएच ५ ले तीन आठवड्यांत निम्मं होते अन् ७-९ ले टिकून राहते. काही तासांच्या कामात तुटून फार जाणार नाही, पण विरघळलं नाही की तळाशी बसते, म्हणून यांच्या पाण्यात पीएच उतरवायले लिंबूसत (सायट्रिक ॲसिड) टाकायचं कारणच नाही. मॅन्कोझेबचं तिसरंच, ते कोणत्याही पाण्यात दिवस-दीड दिवसात निम्मं होते, त्याले पीएचशी फार देणंघेणं नाही, ते कालवलं की लगेच मारायचं.

डब्ब्यावर हे लिहिलेलं असते का?

कधी असते कधी नसते. सोबतचं घडी केलेलं पत्रक काढून वाचा, क्षारीय पदार्थासोबत मिसळू नका असं काही लिहिलेलं दिसलं की समजा हे नाजूक आहे. अक्षरं बारीक असतात, पोराले वाचायले लावा.

पाणी मोजायचं कसं? हळदीनं होते म्हणतात.

हळदीनं गंमत होते, मोजमाप नाही. हळदीत चुना घातला की कुंकवासारखी लाल होते हे आपल्या बायकांले शेकडो वर्षांपासून माहीत आहे, पण हळद लाल व्हायले पाणी बरंच, आठ-साडेआठच्या वर जावं लागते. म्हणजे हळद लाल झाली तर पाणी नक्कीच वाईट, पण नाही झाली म्हणून चांगलंच असं म्हणता येत नाही.

पीएच कागदाची पट्टी स्वस्त असते, एक बुडवायची अन् रंग जुळवायचा, अर्ध्या अंकापर्यंत कळते. पेनासारखं मीटरही मिळते, पण त्याच्यासोबत ४.०१, ६.८६ अन् ९.१८ च्या पुड्या येतात त्या फेकून देऊ नका, त्या पाण्यात विरघळवून मीटर जुळवून घ्यावं लागते, नाही तर तो मनाचे आकडे दाखवते. गावात एकाचं मीटर दोन वर्षं सगळ्यांच्या विहिरी ६.५ दाखवत होतं, सगळे खुश होते.

कधी मोजता त्यालेही किंमत आहे. बोअरमधून नुकत्याच निघालेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड दबून असते त्यामुळं पीएच कमी दिसते, तेच पाणी टाक्यात तीन-चार तास पडलं की वर चढते. म्हणून ज्या ड्रममधून फवारता त्याच ड्रमचं, ज्या वेळी फवारता त्याच वेळचं पाणी मोजा. पूर्ण तपासणी करायची असली, क्षार-कडकपणा सगळं, तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा किंवा अकोल्याले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात न्या. साधी स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं दोनदा धुवून काठोकाठ भरा, औषधाची रिकामी बाटली नेऊ नका (नेतात लोक).

लिंबू पिळलं तर पीएच उतरते का? किती पिळायचं?

उतरते, पण किती लागते ते फक्त पीएचवरून कळत नाही. दोन विहिरींचा पीएच ८.२ च असू शकते, पण एकीत बायकार्बोनेट जास्त असलं तर ते आंबटपणा गिळत राहते, पीएच खाली येतच नाही, अन् दुसरीत चिमूटभरानं काम होते. म्हणून कोणाच्या सांगण्यावरून "पंपाले एक झाकण" असं टाकू नका.

मी असं करतो. १० लिटरची बादली घेतो, सोनाराच्या नाही पण बऱ्यापैकी वजनकाट्यावर लिंबूसत म्हणजे सायट्रिक ॲसिडच्या एकेक ग्रॅमच्या पुड्या करतो. एक टाकतो, काडीनं ढवळतो, थांबतो, पट्टी बुडवतो. परत एक. साधारण ६ च्या आसपास आलं की थांबतो. माह्या विहिरीच्या बादलीले ४ ग्रॅम लागले, वरच्या बाजूच्या मामाच्या गावच्या पाण्याले दीड ग्रॅममध्येच झालं. मग २०० लिटरच्या ड्रमले माझे ८० ग्रॅम. खऱ्या लिंबावर करायचं म्हटलं तर एका लिंबातून दीड-दोन ग्रॅम निघते, म्हणजे ड्रमले चाळीस-पन्नास लिंबं, त्यात गर नोझलमध्ये अडकते तो वेगळा, त्यापेक्षा सरबत करून प्या.

आधी पाणी दुरुस्त करायचं, मग औषध टाकायचं. औषध टाकून मग लिंबूसत टाकलं तर मधल्या वेळात जे जायचं ते गेलं. ५ च्या खाली उतरवू नका, काही औषधं फाटतात अन् पानं करपतात. अन् बॅटरीचं ॲसिड टाकणारे महाभाग आहेत, ते गंधकाचं तेजाब आहे, डोळा गेला तर परत येत नाही, तो नाद सोडा.

संत्र्यावर बोर्डो मारतो, त्याच्यातही पाणी आंबट करू का?

अजिबात नाही. ताम्राच्या औषधांचं गणित उलटं. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) अन् चुना, एक टक्क्यासाठी १०० लिटरले एक किलो अन् एक किलो, ते मुळातच क्षारीय ठेवायचं असते, फ्रान्समधल्या बोर्डोच्या द्राक्षमळ्यांतून १८८५ च्या सुमाराले ते पुढं आलं. आंबट झालं की तांबं जास्त विरघळते अन् पानं-फळं भाजून काढते. वरूड-मोर्शीकडचे जुने बागाइतदार एक सोपी परीक्षा करतात, विळ्याचं स्वच्छ घासलेलं पातं मिश्रणात मिनिटभर धरायचं. पात्यावर तांबूस थर चढला म्हणजे तांबं मोकळं आहे, अजून चुन्याचं निवळ टाका. पातं जसंच्या तसं चकचकीत निघालं म्हणजे मिश्रण बरोबर. कोणतंही मीटर नको. अन् बोर्डो क्षारीय असते म्हणूनच त्यात मॅलाथिऑनसारखं औषध मिसळू नये, एका दगडात दोन पक्षी मारायले जाता अन् दोन्ही उडून जातात.

निंबोळी अर्कालाही हे लागू आहे का, तो तर नैसर्गिक आहे?

नैसर्गिक असो की कारखान्यातलं, रेणू रेणूच असते. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन थोड्या आंबट पाण्यात, ४ ते ६ मध्ये, सगळ्यात जास्त टिकते, सोड्याच्या पाण्यात अन् उन्हात लवकर तुटते. आपण काय करतो, पाच किलो निंबोळी रात्रभर भिजवून मेहनतीनं गाळतो अन् मग चिकटायसाठी कपडे धुण्याची पावडर मूठभर टाकतो, तिचा पीएच १० च्या घरात. साधा साबणाचा चुरा टाकायचा असते, तोही फवारायच्या ऐन वेळी अन् मापात, १०० लिटरले २०० ग्रॅम. अर्क त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर मारा.

हरभऱ्यावर एचएएनपीव्ही चांगलं चालते, पऱ्हाटीवर तितकं नाही. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडते. एचएएनपीव्ही म्हणजे घाटेअळीले होणारा विषाणू, तो प्रथिनाच्या कवचात बसलेला असते. हे कवच सोड्याच्या पाण्यात विरघळते. अळीच्या पोटात पीएच १० च्या आसपास असते, तिथं कवच फुटलं की विषाणू मोकळा होऊन अळीले धरते, म्हणजे कुलूप तिच्या पोटातच उघडायले पायजे. आता हरभऱ्याच्या पानावर काय असते, आंब! पहाटे फडकं फिरवून आपल्या आज्या पिळून घेत ती आंब, एकदम आंबट, मुख्य म्हणजे मॅलिक ॲसिड. तिथं कवच शाबूत राहते. अन् पऱ्हाटीच्या पानावरचं दव उलट क्षारीय असते, पानाच्या ग्रंथींतून तसे क्षार बाहेर येतात, त्यामुळं विषाणू अळीच्या पोटात जायच्या आधीच पानावर खराब होऊ लागते. बीटी नावाच्या जिवाणूचं प्रथिनही अळीच्या क्षारीय पोटातच विरघळून काम करते, आपल्या पोटात आम्ल असते त्यामुळं तिथलं गणितच वेगळं.

म्हणजे जैविक औषधाले तुमच्या ड्रमचं पाणी सोड्याचं नको, सात किंवा थोडं खाली बरं.

नळाचं टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेलं पाणी फवारले तर?

रासायनिक औषधाले फार फरक नाही, पण जैविक औषध त्यात टाकू नका, टीसीएल जंतू मारायलेच असते. उघड्या टाक्यात दिवसभर उन्हात ठेवलं की क्लोरीन उडते. जाता जाता, टीसीएललाही पीएच लागते. पाण्यात त्याची दोन रूपं होतात, ७.५ ले निम्मी-निम्मी, ८.५ ले जंतू मारणारं जोरदार रूप दहा टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणून खाऱ्या-सोड्याच्या विहिरीत टीसीएल टाकून लगेच पाणी भरू नका, अर्धा तास तरी जाऊ द्या, गढूळ पाणी असलं तर जास्त.

औषध तुटलं म्हणजे विष संपलं, मंग उरलेलं नाल्यात ओतलं तर काय बिघडते?

इथं थांबा. अळीसाठी मेलं म्हणजे माणसासाठी, मासोळीसाठी, ढोरासाठी मेलं असं नाही. ७० टक्के गेलं म्हटलं तरी ३० टक्के तसंच आहे अन् तुकड्यांचं काय होते ते प्रत्येकाचं वेगळं. काही वेळा तर तुकडा मूळ मालापेक्षा वाईट निघते. १९७६ मध्ये पाकिस्तानात मलेरियासाठी घराघरात मॅलाथिऑन मारत होते, त्या पावडरीत साठवणीत आयसोमॅलाथिऑन नावाचा पदार्थ तयार झाला होता, त्यानं मॅलाथिऑनचं विष कैक पट वाढवलं. सुमारे २८०० फवारणारे आजारी पडले अन् पाच जण गेले. तिथं पाण्यानं नाही, गरमीनं अन् साठवणीनं घात केला. म्हणून टिनाच्या कोठ्यात पत्र्याखाली उन्हाळाभर औषध पडू देऊ नका, मागच्या वर्षीचा उरलेला डब्बा फुगलेला किंवा वास बदललेला असला तर पऱ्हाटीवर प्रयोग नको.

दुसरी गोष्ट त्याहून जवळची. औषध लागू पडलं नाही की आपण पुढच्या वेळी मात्रा दीडपट-दुप्पट करतो, दोन-तीन औषधं एकत्र कालवतो. पण दुप्पट मात्रेचं ताजं औषध पहिल्या पंपाले पूर्ण जोरात असते, अन् ते पाठीवरून गळते तुमच्या मजुराच्या. २०१७ ले यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी कास्तकार-मजूर गेले, ते आठवलं की मी काउंटरवर "भाऊ डबल मारू का" म्हणणाऱ्याले आधी पाण्याचा पीएच विचारतो. पाण्यानं खाल्लेलं औषध मात्रा वाढवून भरून काढायचं नसते.

उरलेलं नाल्यात-विहिरीत नाही. तितकंच कालवायचं जितकं लागते, अन् थोडं उरलंच तर त्याच पिकाच्या कडेले न मारलेल्या ओळीवर पातळ करून संपवायचं.

पंप धुवायले सोडा टाकतात तो याच कारणानं का?

हो, हाच शत्रू इथं मित्र होते. ऑर्गॅनोफॉस्फेट मारलेला पंप धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं भरून काही तास ठेवला, मधी मधी हलवला अन् मग साध्या पाण्यानं तीनदा धुतला तर आत चिकटलेलं औषध बऱ्यापैकी तुटते. नळी अन् नोझलमधूनही ते पाणी काढा, नुसती टाकी धुवून होत नाही.

पण २,४-डी या तणनाशकाले हे चालत नाही असं समजा. ते सोड्यानं तुटत नाही, फक्त सुटून पाण्यात येते, म्हणून त्याले वारंवार भरून-ओतून धुवावं लागते, अन् रबरी वायसरमध्ये थोडं बसूनच राहते. त्याच पंपानं पऱ्हाटीवर फवारलं की आठ दिवसांत पानं आकसून भेंडीच्या पानासारखी बोटं काढतात, मग लोक म्हणतात बियाणं खराब, हवा खराब, शेजाऱ्यानं काही केलं. आमच्या घरी तणनाशकाचा पंप वेगळा आहे, त्याच्यावर लाल ऑइलपेंटनं मोठा फुल्ला मारलेला आहे अन् तो कोठ्याच्या दुसऱ्या टोकाले टांगलेला असते.